एकाच घराची दोन उत्तरं

मंगळवार, ३

आजपासून मी पुन्हा कामावर. निवृत्तीनंतरचं वर्ष कसं काढलं ते मला ठाऊक आणि ह्यांना ठाऊक. स्वयंपाकघरातले सगळे डबे तोलून झाले, ह्यांच्या चहातली साखर मोजून झाली. शेवटी हेच म्हणाले, "बाई गं, बाहेर कुणाचं तरी माप काढ. माझं पुरे झालं."

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होते तेव्हा साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, किलोभर साखर घ्यायची, बाहेर येऊन आपल्या वजनांवर तोलायची आणि मग ओळखपत्र दाखवायचं, हा माझा उद्योग. बाजारात मला काटेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण म्हणत. तेच ऐकून परवा एक वकीलबाई घरी आली. वयानं माझ्या मुलाएवढी. बसून बोलणं तिला जमतच नाही, सगळी खोली फिरत बोलते. भाड्यानं घर देताना माणसामाणसांत भेद करणाऱ्यांविरुद्ध कायदा आहे आणि त्या कायद्याचं काम बघणारी तिची कचेरी आहे. तिला साधी गिऱ्हाइकं हवी आहेत. घर बघायला जाणारी.

"एकाच घरात दोन माणसं पाठवायची," ती म्हणाली. "वय सारखं, उत्पन्न सारखं, मागणी सारखी. फरक एकच. मग दोघांना काय उत्तर मिळतं ते बघायचं."

"कसला फरक?"

"कधी मुलंबाळं असण्याचा, कधी कुबडीचा, कधी एकट्या बाईचा. सध्याच्या तक्रारी जास्त करून नावाच्या. आडनाव ऐकलं की घर संपतं."

मला हे पटलेलं नाही, इथे स्पष्ट लिहून ठेवते. ज्याचं घर, तो आपल्या मनाला येईल त्याला देईल. घर म्हणजे काय साखर आहे? पण दोन गिऱ्हाइकं पाठवून काटा तपासायची युक्ती मात्र फार आवडली. आमच्या खात्यात कधी कुणाच्या डोक्यात आली नाही. म्हणून हो म्हटलं.

गुरुवार, ५

जोडीदारीण भेटली. सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त. माझ्याच वयाच्या, पेन्शनही जवळपास तेवढंच. बसायला सांगितलं तर आधी खुर्ची हलते का ते बघणारी बाई, म्हणजे आपल्याच पंथातली. त्यांनी आडनाव सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अय्या, तुमच्याकडे बघून वाटत नाही हो." त्या हसल्या. छान हसतात.

दिवसभर कायदा शिकवला. मला वाटायचं, तोंडावर 'तुम्हाला घर देत नाही' म्हणणाऱ्यासाठी हा कायदा असेल. तसा माणूस म्हणे हल्ली औषधालाही सापडत नाही. घर रिकामं असून 'गेलं' म्हणणं, हा भेद. एकाकडे एका महिन्याची अनामत आणि दुसऱ्याकडे सहा महिन्यांची मागणं, हाही भेद. एकाला खिडक्या उघडून हवा दाखवायची आणि दुसऱ्याला दारातूनच वाटेला लावायचं. 'तुम्हाला पलीकडच्या वस्तीत जास्त बरं वाटेल' असा प्रेमळ सल्ला द्यायचा. 'घरात विचारून कळवते' म्हणायचं आणि कधीच कळवायचं नाही. सगळं ह्यात बसतं. गंमतच आहे. नाही न म्हणता नाही म्हणायच्या किती तऱ्हा काढल्यात माणसांनी! दुकानदार बिचारे पारड्याखाली चिंच चिकटवण्यापलीकडे गेले नाहीत.

मी विचारलं, "पण त्याच्या मनात तसं काही नसेल तर?"

वकीलबाई खिडकीपाशी जाऊन परत आली. "मन मोजायचा काटा होता तुमच्या खात्यात?"

"नव्हता."

"आमच्याकडेही नाही. म्हणून दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची."

नियम असे. पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांगायचं, वाटलं ते सांगायचं नाही. परत आल्यावर एकेकटीनं वकीलबाईसमोर बोलायचं, ती ध्वनिमुद्रण करणार. दोघींचं बोलून होईपर्यंत जोडीदारणीशी त्या घराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. शेवटचा नियम मला जड जाणार, असं मेट्रनबाई म्हणाल्या. पहिल्याच भेटीत ओळखलंन म्हणायचं.

सोमवार, ९

पहिलं घर. तक्रार एका शिवणकाम करणाऱ्या तरुण जोडप्याची. 'घर गेलं' म्हणून मालकानं त्यांना परत पाठवलं आणि पाटी मात्र अजून फाटकावर लटकते आहे. मालक म्हणजे गुलाबांचे शौकीन, अंगणभर कुंड्या. मी त्यांचं नाव गुलाबवाले ठेवलं.

काय सांगू, देवमाणूस! तिन्ही खोल्या दाखवल्या, गच्ची दाखवली, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगितलं, जाताना एक गुलाब काढून हातात दिला. माझी एकच चूक झाली. विजेचं मीटर दिसलं आणि राहवलं नाही. म्हटलं, "हे पळतंय हो तुमचं, तक्रार करा." ते ऐकून तर त्यांनी भाडं थोडं कमी करतो म्हटलं.

वकीलबाईनं मला झापलं. "तुम्ही हुशारी दाखवली की तुमचं पारडं जड झालं. मग उत्तरातला फरक नावामुळे की मीटरमुळे, हे कसं सांगायचं?" बरोबर आहे तिचं. साठी ओलांडल्यावर बोलणी खाल्ली, तीही रास्त.

आता मेट्रनबाई दुपारी जाऊन आल्यात आणि मला त्यांना काही विचारता येत नाही. जीव नुसता वर-खाली होतोय. हे म्हणतात, "पोट दुखत असेल तर ओवा घे."

मंगळवार, १०

मेट्रनबाईंना घर 'कालच गेलं'. म्हणजे मला दाखवलं त्याच्या आदल्या दिवशी!

पण मला खरी उत्सुकता वेगळ्याच गोष्टीची. गुलाबवाल्यांनी त्यांना सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं, गुडघे कसे आहेत विचारलं. आणि गुलाबही दिला. मेट्रनबाईंनी पर्समधून काढून टेबलावर ठेवला. मला दिलेल्यासारखाच टपोरा.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"कशाचा? गुलाब चांगला आहे."

मी रात्री ह्यांना म्हटलं, एक माणूस एका हातानं फूल देतो आणि त्याच हातानं दार लावतो, हे जमतं कसं? ह्यांनी जन्मभर कवळ्या बनवल्या, त्यामुळे ह्यांचं सगळं तत्त्वज्ञान दातांचं. म्हणाले, "हसताना दात दिसतात, पण किडकी दाढ मागे असते."

शुक्रवार, १३

मुलगा-सून बदलीच्या गावी गेल्यापासून वरचा मजला रिकामा आहे. दोन खोल्या, स्वतंत्र जिना. हे भाडेकरू बघतायत. बघतायत म्हणजे नाकारतायत. आज एकाला परत पाठवलं, कारण काय तर पुढचे दात खोटे आणि काम भिकार.

"अहो, दातांवरून घर देतात का?"

"ज्यानं असलं काम चालवून घेतलं, तो नळ गळला तर सांगेल तुला?"

मी पोट धरून हसले. पण नंतर धास्ती वाटली. वकीलबाईच्या तावडीत हे सापडले तर काय! ह्यांना भेद करायचा नसतो, पण तोंडाला कुलूप नाही. घरातला कच्चा काटा हाच. मी निदान प्रशिक्षण घेतलेली आहे.

मंगळवार, १७

कचेरीतून परतताना मेट्रनबाईंबरोबर बागेत बसले. त्यांची इमारत पाडायला निघाली आहे. महिनाअखेर जागा सोडायची. किती घरं बघितली, काही जमत नाही. भाचा दूरच्या गावी असतो, तो म्हणतो माझ्याकडे या. पण त्याच्या घरी हॉलमध्ये झोपायचं, आणि इथला दवाखाना सुटणार. निवृत्तीनंतर त्या सकाळी एका लहान दवाखान्यात जखमा बांधायला जातात, फुकट. "हातांना सवय आहे," म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांची सेवा केली आणि आता डोक्यावर छप्पर नाही. रस्ताभर मी हाच विचार करत आले. कुणी ओळखीचं आहे का, कुठे एखादी जागा रिकामी आहे का. शेजारच्या वहिनींनाही विचारलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. हे वरच्या मजल्याचे दिवे बदलत होते, त्यांनाही शिडी धरता धरता सगळं सांगितलं. "वाईट झालं," म्हणाले.

गुरुवार, १९

आज कायद्यात भोक सापडलं! जिथे मालक स्वतः राहतो आणि एखादाच मजला भाड्यानं देतो, तिथे हा कायदा लागूच होत नाही. जाहिरातीत 'अमक्यांना नको' असं छापायचं नाही, बस्स. बाकी मालकाची मर्जी.

"मग आमचं घर?" मी विचारलं.

"सूट आहे तुम्हाला," वकीलबाई म्हणाली. "कायदा तुमच्या फाटकापर्यंत येतो आणि परत जातो."

मला हे झोंबलं. आमच्या खात्यात निरीक्षकाची वजनं मखमलीच्या पेटीत असत, पण वर्षातून एकदा ती स्वतः प्रयोगशाळेत तपासून, शिक्का मारून आणावी लागत. शिक्का नसेल तर दुकानदार निरीक्षकाला सरळ 'चालायला लागा' म्हणू शकतो. म्हणायचाच. आणि इथे मी गावभर घरं तपासत फिरणार आणि माझ्या घराला सूट?

मी म्हटलं, "तुमच्याकडे नव्या दोन मुलींची जोडी आलीय ना सरावाला? पाठवा आमच्याकडे. मला सांगू नका कधी ते. ह्यांना तर मी मुळीच सांगत नाही. सरळ काटा कसा दिसतो तेही कळू दे पोरींना."

वकीलबाई चालता चालता थांबली. "नक्की?"

"अगदी. झालीच तर दातांबद्दल तक्रार होईल."

मेट्रनबाई तिथेच होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पर्स आवरायला घेतली.

शनिवार, २१

दुपारी हे कवळीवाल्या मित्रांच्या अड्ड्यावर गेले असताना एक मुलगी वरच्या खोल्या बघायला आली. विमा कंपनीत आहे. नाव सांगितलं, मी म्हटलं, "ये ना, उन्हाची उभी का?" किल्ली घेऊन वर गेलो. खिडकीतून समोरची झाडं दिसतात ते तिला फार आवडलं. अनामत एका महिन्याची, कधीही ये म्हटलं. मग खाली चहा झाला, नातवंडांचे फोटो झाले. आणखी एक घर बघून सांगते म्हणाली.

ही चाचणीवाली असेल का? छे. फोटोंत रमली होती. चाचणीवाल्या इतकं बूड टेकत नाहीत, मी बघतेय ना.

सोमवार, २३

आज एका मोठ्या इमारतीचा वृत्तान्त बोलायचा होता, त्याची टिपणं काढत बसले होते. नेमकी तेव्हाच घंटी वाजली. टपाल कचेरीत काम करणारी एक मुलगी, वरच्या खोल्यांसाठी. नाव सांगितलं. म्हटलं, "हे घरात नाहीत हो, ते बघतात भाड्याचं. तुमचा नंबर ठेवून जा, विचारून कळवते." शिवाय उत्तरेकडच्या भिंतीला ओल आहे, रंग काढायचाय, तेही सांगून टाकलं. आधी सांगितलेलं बरं, नंतर माणूस नाराज व्हायला नको. जिनाही जरा उभाच आहे. "ठीक आहे," म्हणाली आणि गेली. दोनच मिनिटं उभी होती, तेव्हा ही चाचणीवाली नाहीच.

टिपणांचा धागा तुटला तो तुटलाच. ह्यांना सांगायचं राहिलं.

बुधवार, २५

गुलाबवाल्यांच्या प्रकरणात आज मध्यस्थापुढे बैठक. मेट्रनबाई आणि मी दोघींनी आपापलं सांगितलं. मी मीटरची गोष्टही लपवली नाही. वकीलबाई म्हणाली, मीटरमुळे भाडं कमी झालं असेल, पण त्यामुळे मेट्रनबाईंचं घर आदल्या दिवशी जात नाही.

गुलाबवाले कावरेबावरे झाले होते. "मी कुणाला वाईट बोललो का? दोघींनाही गुलाब दिला. माझ्या मनात काही नव्हतं हो. त्या क्षणी तोंडून निघून गेलं."

तोंडून निघून गेलं! तोंड काय भाड्यानं दिलं होतं? पण एक कबूल करते, माणूस खोटं बोलत नव्हता. स्वतःच चक्रावला होता. आपल्याच तिजोरीत दुसऱ्याचा माल सापडावा तसा. मला त्याच्या चेहऱ्याचं फार कुतूहल वाटलं. इतकी वर्षं स्वतःबरोबर राहून माणसाला एवढंही ठाऊक नसावं?

ठरलं ते असं: शिवणकाम करणाऱ्या जोडप्याला तेच घर, त्याच भाड्यानं द्यायचं, आणि यापुढे सगळ्यांना एकच अटी, लेखी. जोडपं आनंदात गेलं. उद्या नव्या मुलींची जोडी आमच्या घराचं सांगणार आहे. मी मुद्दाम हजर राहायची परवानगी काढलीय.

गुरुवार, २६

आज लिहवत नाही.

शुक्रवार, २७

लिहायलाच हवं. लपवाछपवी करायची तर वही कशाला ठेवायची.

काल मी कचेरीत गेले ती ह्यांचा बचाव मनात जुळवत. आत वकीलबाई बसली होती. चक्क खुर्चीत बसलेली. मेट्रनबाई कोपऱ्यात कपांत चहा ओतत होत्या. दार उघडून विमावाली आली. मला बघून लाजली. आणि तिच्यामागून टपालवाली.

"तुम्ही दोघी?" मी म्हटलं. एकीचं आडनाव माझ्या वळणाचं, दुसरीचं मेट्रनबाईंच्या; तेवढ्यात सगळं कळलं. कुणी काही वाचून दाखवायची गरजच राहिली नाही. पण नियम तो नियम. आधी एकेकटीनं सांगून झालेलं दोघींनी माझ्यासमोर पुन्हा सांगितलं.

विमावाली म्हणाली, दोन्ही खोल्या बघितल्या, खिडक्या उघडून दाखवल्या, अनामत एक महिना, ओलीचा उल्लेख नाही, चहा.

टपालवाली म्हणाली, दारात उभं राहून बोलणं झालं. खोल्या दाखवल्या नाहीत. किल्ली मागे खिळ्याला टांगलेली दिसत होती. ओल असल्याचं सांगितलं, जिना उभा असल्याचं सांगितलं. विचारून कळवते म्हणाल्या. फोन आला नाही.

तिनं चढ्या आवाजात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती साखरेचा भाव सांगावा तसं सांगत होती.

"मी घाईत होते," मी म्हटलं. "टिपणं काढत होते. आणि ओल खरोखरच आहे." मग मी म्हटलं, "माझ्या मनात काही..." आणि माझे मलाच शब्द ऐकू आले. आदल्याच दिवशी गुलाबवाल्यांच्या तोंडून ऐकलेले. त्यापुढे बोलवेना.

"तुमच्यावर काही कारवाई नाही, हे तुम्हाला माहीत आहे," वकीलबाई म्हणाली. सूट आहे ना मला.

जिन्यात मेट्रनबाईंना गाठलं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. निघालं ते हे: "वरचा मजला रिकामा आहे, ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"तुम्हीच तर सांगायचात. दातवाला माणूस, दिवे, सगळं."

"मग बागेत बसलो तेव्हा विचारलं का नाहीत?"

त्या कठडा धरून थांबल्या. "विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, काटेबाई. तुम्ही मला आवडायला लागला होतात. कशाला ऐकायचं?"

मग त्या खाली उतरल्या. मी मधल्या पायरीवर बसून राहिले. मी शेजारच्या वहिनींना विचारलं, रस्ताभर विचार केला, शिडी धरून ह्यांना सांगितलं. ह्या वहीत लिहिलंसुद्धा. वरती बघितलं नाही एवढंच. बागेत बसले होते ती मी दुष्ट नव्हते. पण हे वाक्य लिहून बरं वाटत नाही, कारण मेट्रनबाईंना त्याचा काडीचा उपयोग नाही.

शुक्रवार, रात्री

ह्यांना सगळं सांगितलं. चाचणीचंही. आधी हसले. "म्हणजे जाळं माझ्यासाठी लावलंस आणि अडकलीस तू? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." मग बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. "मी दारात असतो तर वेगळं वागलो असतो, असं छातीठोक सांगता येत नाही मला," म्हणाले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, ह्या माणसावर आज फार माया आली.

शनिवार, २८

सकाळी टपालवालीला फोन केला. नंबर ज्या पाकिटावर लिहिला होता ते मी पुसायच्या कपड्यांखाली टाकलं होतं.

"माफी मागायला फोन केलात की घर द्यायला?" तिनं विचारलं.

"दोन्ही."

"मला घर नकोय, मी चाचणीलाच आले होते. माफीचं बघते." आणि ठेवला. रास्त आहे.

मग मेट्रनबाईंकडे गेले. सामान बांधून झालेलं, भाच्याकडे जायचं तिकीट टेबलावर. मी चहा नको म्हटलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "आमच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्यात. जे भाडं विमावालीला सांगितलं तेच. अनामत एक महिना."

त्यांनी मला न्याहाळलं. रुग्णाला न्याहाळतात तसं. "हे प्रायश्चित्त आहे का? असेल तर मला नको. लोकांच्या प्रायश्चित्तात राहायला फार गारठा असतो."

"भाड्यानं देतेय. भाडं घेणार आहे."

"बघायला येईन," त्या म्हणाल्या. "घ्यायचं की नाही ते मी ठरवणार."

"अर्थात."

"आणि अर्थात म्हणू नका. तुम्हाला ते कालपर्यंत ठाऊक नव्हतं."

रविवार, २९

आल्या. दोन्ही नळ सोडून बघितले, खिडक्या उघडून-मिटून बघितल्या, जिना माझ्याआधी चढून गेल्या. मला धाप लागली होती. उत्तरेच्या भिंतीपाशी मी अडखळले. ओलीचं सांगावं तर पळवून लावते असं वाटायचं, न सांगावं तर फसवणूक. सरळ चालणं इतकं अवघड होऊन बसलंय!

"ओल आहे," मी म्हटलं. "विमावालीला सांगितली नव्हती. चूक तिथे झाली."

त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. "आहे खरी. मग रंगाचं तुम्ही करा किंवा भाडं कमी करा."

"रंगाचं आम्ही करू."

"लिहून द्या. करार तीन वर्षांचा. खाली तुमची-माझी मैत्री राहील की नाही ते बघू, वर करार राहील." मग खिडकीत उभ्या राहून म्हणाल्या, "झाडं बरी आहेत."

हे खालून ओरडले, "ठरलं का?" मेट्रनबाईंनी खाली वाकून विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे? माझे दात आपलेच आहेत." हे असे काही लाजले की मला कित्येक दिवसांनी हसू फुटलं.

मंगळवार, १

सामान आलं. फार नाही. पुस्तकं, एक शिवणयंत्र, औषधांची लाकडी पेटी. आणि एक पितळी पाटी, त्यांच्या नावाची. पूर्ण नाव, आडनावासकट, ठसठशीत अक्षरांत. इस्पितळानं निवृत्तीच्या दिवशी दिलेली. मधल्या काळात कुठेही लावली नव्हती.

ह्यांनी शिडी काढली. "वर लावू, तुमच्या दाराशी. तिथे धूळ कमी."

ह्यांच्या बोलण्यात काही नव्हतं. पण मला चटकन बरं वाटलं, ते मी पकडलं. वरच्या दाराशी म्हणजे रस्त्यावरून न दिसणारी. लोक विचारणार नाहीत, मला सांगावं लागणार नाही. काटा अजून थोडा डावीकडेच ढळतो. शिक्का मिळायला वेळ आहे.

"फाटकाला," मी म्हटलं. "आपल्या पाटीच्या शेजारी."

मेट्रनबाईंनी पदरानं पाटी पुसून ह्यांच्या हातात दिली.

शेवटचा खिळा बसत होता तेवढ्यात शेजारच्या वहिनी बाहेर आल्या. पाटी वाचली. मोठ्यानं, एकेक अक्षर करत. मग माझ्याकडे वळल्या. "ह्या कोण हो? पाहुण्या का?"

'थोडे दिवस आहेत, ओळखीच्या आहेत' असं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. कुणी तयार करून ठेवलं होतं कोण जाणे.

"इथे राहतात," मी म्हटलं.

वहिनी "बरं बरं" म्हणत आत गेल्या. मेट्रनबाई अजून फाटकापाशीच उभ्या होत्या, पाटीकडे बघत. मग त्यांनी पर्समधून भाच्याकडचं तिकीट काढलं, दोन तुकडे केले आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून माझ्या हातात दिले.